वादळानंतर अक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या सुरुवातीला अरबी समुद्रात वादळ झालं, बुधवारी ते उत्तरेकडे सरकून विरलं, कोकणात दोन दिवस अवेळी पाऊस पडला. पुण्याहून सहा जण, त्यात दोन मुलं आणि गुडघे दुखणारी आई, रविवारी अलिबागजवळच्या अक्षीला पक्षी बघायला निघालेत. जावं की पुढे ढकलावं? वादळामुळे दुर्मिळ पक्षी किनाऱ्याला आले असतील का? आणि जखमी पक्षी सापडला तर काय करायचं?

जरूर जा. बुधवारी वादळ विरलं असेल तर रविवार हा चांगला दिवस आहे; गुरुवारी-शुक्रवारी जायचं म्हणाला असता तर मी अडवलं असतं. कारण सांगतो, कारण बाकीचं सगळं नियोजन त्यावरच उभं आहे.

किनाऱ्यावरच्या चिखल्या, तुतवार, टिलवे, कोरल या पक्षीमंडळींचं जेवणाचं ताट म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी वाळू आणि चिखल. चोवीस तासांत साधारण दोनदा ते ताट वाढलं जातं, मग ते दिवसा असो की रात्री. वादळात नेमकं हेच बंद पडतं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाब मोजायचं माप) उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटर वर येते, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी रेटून धरतो ते वेगळंच. भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटी पुरती उतरतच नाही. खाडीतला चिखलाचा जो पट्टा एरवी कित्येक तास उघडा असतो, तो जेमतेम घटकाभर दिसतो किंवा दिसतच नाही. पन्नास-साठ ग्रॅम वजनाच्या सँडर्लिंग नावाच्या छोट्या तुतवाराच्या अंगावर अशी किती चरबी साठलेली असणार? तो आर्क्टिकच्या टुंड्रातून इथवर आलेला असतो, आणि दोन-तीन ओहोट्या वाया गेल्या तर त्याला ते जड जातं. त्यामुळे वादळानंतरचे पहिले एक-दोन दिवस हे पक्षी नुसते खात असतात. त्या वेळी आपण जवळ गेलो, थवा उडाला, पुन्हा बसला, पुन्हा उडाला, की जमवलेलं थोडंफार तिथेच खर्च होतं. चौथ्या दिवसापर्यंत पाणी रुळावर येतं आणि पक्षीही. तरीही रविवारी त्यांची भूक आधी, आपली यादी नंतर, एवढं ठरवूनच गाडीत बसा.

आता दुर्मिळ पक्ष्यांचं. अपेक्षा थोडी कमी ठेवा. भर समुद्रातले पक्षी कोकण किनाऱ्यावर फेकले जातात ते मुख्यतः जून ते सप्टेंबरात, नैर्ऋत्य मोसमी वारा महिनोन्महिने किनाऱ्याकडे ढकलत असतो तेव्हा. पावसाळ्यात मास्क्ड बूबी, सूटी टर्न, शिअरवॉटर थकून किनाऱ्यावर सापडतात ते त्यामुळे. डिसेंबरचं वादळ दोन-तीन दिवसांचं असतं आणि त्याच्या मागोमाग उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. तरी तीन गोष्टींवर डोळा ठेवा.

पहिली, स्कुआ. सुरय (टर्न) किंवा कुरव (गल) पक्ष्याच्या मागे लागून त्याच्या तोंडचा मासा हिसकावणारा काळपट, दणकट पक्षी लाटांच्या पलीकडे दिसला आणि उडताना पंखांच्या टोकाकडे पांढरा डाग चमकला, तर तो स्कुआ. दुसरी, ब्रायडल्ड आणि सूटी टर्न. दोघेही वरून गडद, खालून पांढरे. ब्रायडल्डची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते आणि पाठ राखी-तपकिरी असते. सूटीचं कपाळ तेवढं पांढरं, डोळ्यापाशी संपणारं, आणि पाठ काळी. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत प्रिय आहे: लाल मानेचा फॅलारोप. हिवाळ्यात तो अरबी समुद्रात खोल पाण्यावर मोठ्या संख्येने राहतो, आणि समुद्र खवळला की काही पक्षी मिठागरांत किंवा खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतल्या, उथळ पाण्यात उतरतात. एखादा चिमुकला, पांढरा-राखी पक्षी, डोळ्यामागे काळा पट्टा, पाण्यावर बसल्या बसल्या भोवऱ्यासारखा गरागरा फिरतोय, असं दिसलं तर थांबा. त्या फिरण्याने खालचं पाणी वर ओढलं जातं, बारीक किडे-जंतू पृष्ठभागाला येतात आणि तो सुईसारख्या चोचीने ते टिपत जातो. मुलांना हा पक्षी दाखवता आला तर त्यांना दुसरं काही दाखवायची गरज पडणार नाही.

वेळ ठरवायची ती भरतीवरून. मोबाईलवर तक्ते मिळतात, पण कोकणातला जुना हिशेब माहीत असू द्या: तिथीला पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार त्रिक बारा भागिले चार, म्हणजे तीन वाजता. समजा रविवारी द्वादशी आहे, तर नऊच्या सुमाराला भरती, आणि सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी सव्वातीनला, ओहोटी. दर दिवशी ही वेळ पाऊण तासाने, खरं तर पन्नासेक मिनिटांनी, पुढे सरकते. अक्षीसाठी हा हिशेब पुष्कळ जवळ जातो. वादळानंतर मात्र तक्त्यावरही आणि तिथीवरही आंधळा विश्वास नको. वारा अजून पश्चिमेकडून जोरात असेल तर पाणी लांबतं, उतरायला वेळ घेतं. शनिवारी संध्याकाळी गावातल्या कुणा कोळ्याला विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते. त्याच्याइतकं खात्रीचं उत्तर कुठल्याही ॲपवर मिळणार नाही.

बहुतेक नवखे लोक ओहोटीला जातात, कारण चिखल उघडा असतो. पण तेव्हा पक्षी लांबवर पांगलेले असतात आणि दुर्बिणीतून ठिपके दिसतात. भरती चढत असताना जा. पाणी जसं वर येतं तसे पक्षी तुमच्याकडे ढकलले जातात, एकत्र येतात, आणि शेवटी कोरड्या वाळूवर थवा करून विसावतात. भरतीच्या दोन तास आधी हजर असणं सगळ्यांत चांगलं. वरच्या उदाहरणात ते सकाळी सातला येतं, डिसेंबरात सूर्य साधारण त्याच वेळी उगवतो. पुण्याहून पहाटे निघून हे जमवायचं तर घाटात अंधारात गाडी हाकावी लागेल; त्यापेक्षा शनिवारी रात्री अलिबाग-नागाव पट्ट्यात मुक्काम करा. किनारा पश्चिमेला असल्याने सकाळी ऊन तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. मुंबईकडे शिवडी किंवा भांडुपच्या बाजूने ठाणे खाडी बघायची तर उलटा प्रकार: तिथून पाणी पूर्वेला आहे, सकाळी ऊन डोळ्यांत जातं, दुपार बरी. सकाळचे फोटो काळे आले म्हणून लोक कॅमेऱ्याला दोष देतात, तो दिशेचा दोष असतो.

पोहोचल्यावर थेट पाण्याकडे चालत सुटू नका. सुरूच्या बनाच्या कडेला थांबा, पण झाडांच्या अगदी खाली नको आणि गाडीही तिथे लावू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने अलिबाग-मुरुड पट्ट्यातली सुरूची झाडं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या होत्या. आताचं वादळ तेवढं नसलं तरी अर्धवट मोडलेल्या फांद्या दोन-चार दिवसांनी खाली येतात. आईंसाठी घडीची खुर्ची घ्या. खरं सांगतो, या सहलीत सगळ्यांत चांगले पक्षी त्यांनाच दिसतील, कारण त्या एका जागी बसलेल्या असतील. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण, असेल तर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावून द्या आणि बाकीच्यांनी आळीपाळीने तिथे यावं.

आधी बघायची ती भरतीची रेघ, म्हणजे लाटांनी वर आणून टाकलेला गदळ. वादळानंतर ही रेघ जाड असते: शेवाळ, काटक्या, फुटके शिंपले, खेकड्यांची कवचं, जाळ्यांचे तुकडे आणि दुर्दैवाने ढीगभर प्लास्टिक. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ लक्षद्वीपवरून वर सरकत आलं आणि ५ तारखेच्या रात्री दक्षिण गुजरातजवळ विरलं. तेव्हा मुंबई-रायगडला भर डिसेंबरात पाऊस पडला आणि समुद्राने चौपाट्यांवर टनावारी कचरा परत आणून टाकला. या रेघेत कुजणाऱ्या शेवाळाखाली बारीक उड्या मारणारे जीव आणि माश्यांच्या अळ्या असतात, आणि उपाशी पक्ष्यांना तो मोठा आधार असतो. म्हणून गावच्या किंवा हॉटेलच्या लोकांनी यंत्र लावून सगळी रेघच खरवडून काढली की मला फार वाईट वाटतं. तुमच्यापैकी कुणाला सफाई करायची इच्छा असेल तर जाळी आणि प्लास्टिक हाताने उचला, शेवाळ आणि शिंपले राहू द्या.

मग लाटेच्या काठाकडे दुर्बीण वळवा. लाट मागे सरली की तिच्यामागे धावणारे, पुढची लाट आली की तितक्याच वेगाने वर पळणारे पांढुरके पक्षी म्हणजे सँडर्लिंग. खांद्यापाशी काळसर डाग दिसतो आणि पायाला मागचं बोट नसतं. एकाच पक्ष्यावर दोन-तीन मिनिटं नजर ठेवा. लाट ओसरताना ओल्या वाळूवर बारीक बुडबुडे उठतात, तो चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी वाळूत घालत पुढे जातो आणि मधेच थांबून काहीतरी ओढून काढतो. त्याच्या शेजारचा चिखल्या वेगळ्या पद्धतीने जेवतो: चार पावलं धावणार, पुतळ्यासारखा उभा राहणार, टचकन टिपणार. याचे डोळे मोठे, चोच आखूड, तो बघून खातो; तुतवारांची चोच लांब, ते बरंचसं चाचपून खातात. हा फरक कळला की लांबून, रंग दिसत नसतानाही अर्धी ओळख पटते. चिखल्यांत (प्लोव्हरांत) केंटिश कोणता हे बघायचं तर मानेमागे पांढरी पट्टी आहे का बघा. सँड प्लोव्हरला ती नसते. लहान-मोठा सँड प्लोव्हर वेगळा करण्याच्या भानगडीत पहिल्याच सहलीत पडू नका, ते दोन्ही शेजारी उभे असताना शिकायचं काम आहे.

अक्षीचं खास आकर्षण म्हणजे ऑयस्टरकॅचर: काळा-पांढरा अंगरखा, लांब नारिंगी-लाल चोच. वादळाच्या लाटा वाळू उपसतात तेव्हा पुरलेल्या तिसऱ्या (खायचे शिंपले) आणि शिंपल्या वर येतात, आणि त्या दिवसांत हा पक्षी अगदी शांतपणे जेवताना बघायला मिळतो. शिंपला किंचित उघडा असेल तर चोचीचं पातं आत सरकवतो आणि दोन झडपा धरून ठेवणारा स्नायू कापतो. बंद असेल तर एका जागी ठोकत राहतो. स्कोपमधून हे सगळं स्पष्ट दिसतं. फोटो काढायला जवळ जाल तर तो शिंपला टाकून उडेल, आणि त्याची जागा कावळा घेईल.

कुरव आणि सुरय मंडळी वाळूवर थव्याने बसलेली असतील, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. वारा कुठून आहे हे बघायला मी त्यांच्याकडेच बघतो. तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव हिवाळ्यात आपलं डोकं हरवून बसतात, कानामागे फक्त काळा ठिपका उरतो. ज्याला तो ठिपका नसल्यातच जमा, कपाळ लांब उतरतं आणि डोळा फिका आहे, तो स्लेंडर-बिल्ड गल. थव्यात सगळ्यांपेक्षा डोकं वर काढून उभा असलेला, पिवळी जाड चोच, चोचीच्या टोकाशी काळा-लाल डाग, असा धिप्पाड कुरव दिसला तर तो पॅलासचा. सुरयांमध्ये काळ्या चोचीला पिवळं टोक असेल तो सँडविच, पूर्ण नारिंगी-पिवळी चोच असेल तो लेसर क्रेस्टेड, आणि गाजरासारखी लाल जाड चोच असेल तो कॅस्पियन. बोंबील वाळत घालायच्या वलांडींच्या आसपासही नजर टाका, पण कोळणी कामात असतात, आधी विचारून मगच जवळ जा. वादळात त्यांचं वाळवण भिजून गेलेलं असतं आणि होड्या कित्येक दिवस किनाऱ्यालाच असतात, एवढं लक्षात ठेवून बोला.

भरती टेकली की पक्षी झोपतात. एका पायावर, चोच पाठीत खुपसून. हा वेळ त्यांचा. मुलांना इथेच सांभाळावं लागतं, कारण झोपलेला थवा उडवायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. नियम सोपा आहे: पक्ष्यांनी डोकी वर केली, चालायला लागले, की आपण जास्त जवळ आलो, तिथून मागे फिरायचं. घोडागाडीवाले आणि चार चाकी वाळूगाड्या थव्यातून जाताना दिसतील. त्यांना हटकून भांडण करण्यापेक्षा लांबून वळसा घ्यायची विनंती करा, बरेच जण ऐकतात. त्या मधल्या वेळात गावात शके ९३४ चा मराठी शिलालेख आहे तो बघून या, मराठी माणसाने बघावी अशी ती वस्तू आहे.

दुपारी, ओहोटी लागल्यावर, खाडी आणि खाजणाकडे वळा. अवेळी पावसाने तिथलं चित्र बदललेलं असतं. मिठागरांत गोडं पाणी साचलं की खारटपणा उतरतो आणि पाण्याची पातळी चढते. आखूड पायांचे पक्षी कडेला सरकतात, लांब पायांच्या शेकाट्या आणि पाणटिवळ्यांचं मात्र फावतं. थापटे, तलवार बदकं भाताच्या कापलेल्या, पाणी भरलेल्या खाचरांतही उतरलेली सापडतील. काळ्या शेपटीचा पाणटिवळा अशा जागी, आणि पट्टेरी शेपटीचा वाळूच्या किनाऱ्यावर, अशी साधारण वाटणी आहे. उडताना काळ्या शेपटीवाल्याच्या पंखावर ठळक पांढरी पट्टी दिसते. उघाडीपाशी, जिथून पावसाचं पाणी खाडीत सुटतं, तिथे बगळ्यांची रांग हमखास असते, कारण पाण्याबरोबर मासळी वाहत येते.

बांधांवर मात्र जपून. खारबंदिस्तीचे, म्हणजे खारं पाणी अडवणारे, मातीचे बांध पावसाने आतून भुसभुशीत झालेले असतात, त्यात खेकड्यांची बिळं. वरून घट्ट दिसणारी कड पायाखाली ढासळते. मधोमध चाला, एकामागे एक. खाडीच्या चिखलात उतरायचंच नाही, मग पक्षी कितीही जवळ वाटो. किनाऱ्यावर पडलेला साप मेलाय असं समजून काठीने उलटवू नका. समुद्रसाप वादळानंतर वाळूवर येतात, हालचाल मंद असते आणि विष जहाल. निळ्या फुग्यासारखं, लांब तंतू असलेलं काही दिसलं तर मुलांना लांब ठेवा, ते वाळल्यावरही डसतं.

जखमी पक्ष्याबद्दल. आधी तो खरंच जखमी आहे का ते लांबून दहा मिनिटं बघा. वादळानंतर पुष्कळ पक्षी नुसते दमलेले असतात आणि विश्रांती मिळाली की आपसूक उडतात. कुत्री-कावळे लांब ठेवणं एवढीच मदत पुरते. शिअरवॉटरसारख्या पक्ष्याचे पाय शरीराच्या फार मागे असतात, जमिनीवर तो पोटावर सरपटतो आणि पाय मोडल्यासारखा वाटतो. दया येऊन लोक त्याला पुन्हा समुद्रात भिरकावतात. तसं करू नका. त्याची पिसं भिजलेली असतील, अंगात त्राण नसेल, तर तो बुडतो. मऊ कापड टाकून उचला, चोच आपल्या चेहऱ्यापासून लांब ठेवा (बगळा थेट डोळ्यावर चोच मारतो), पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र घालून ठेवा, हवेला भोकं पाडा, झाकण बंद, अंधार आणि शांतता. चोचीत पाणी ओतायचं नाही, मासा कोंबायचा नाही. मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ते सांगतील त्यांच्याकडे सोपवा. वन्यपक्षी घरी नेऊन ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हापासून मी याबाबतीत कडक आहे. एकाच जागी बरेच मेलेले दिसले तर त्याच क्रमांकावर कळवा. एकटा असेल तर चप्पल किंवा पेन शेजारी ठेवून फोटो काढा, चोच आणि पाय नीट दिसतील असा. पायात धातूची कडी किंवा रंगीत प्लास्टिकची चकती असेल तर तिच्यावरची अक्षरं-आकडे, रंग आणि कोणत्या पायात आहे ते टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) पाठवा. जिवंत पक्ष्याच्या पायातली कडीही स्कोपमधून वाचता येते, मुलांना हे काम द्या.

आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) एक दुर्बीण सहा जणांत कमी पडेल, दोन तरी घ्या. समुद्राचा तुषार भिंगावर बसला तर रुमालाने पुसू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. घरी येऊन गोड्या पाण्याचा ओला फडका हलकेच फिरवा. पहाटे वारा बोचरा असतो, कानटोपी न्या. यादी करताना आकडे लिहा, नुसती नावं नकोत, आणि वारा, पाण्याची पातळी, किती वेळ बघितलं तेही लिहून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. एरवी दिसणारा एखादा पक्षी दिसलाच नाही, तर तेही शेऱ्यात नोंदवा. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, तेव्हा वादळाआधीच्या आणि नंतरच्या अशा याद्या शेजारी ठेवता येतात.

परतताना वडखळकडे जाताना धरमतरच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे खाजणं लागतात. उजेड शिल्लक असेल तर गाडी रस्त्यावरून पुरती खाली घेऊन थांबा आणि काचेआडूनच बघा. गाडीला पक्षी बिचकत नाहीत, दार उघडलं की उडतात.